आकड्यांवर अंगठा

५० हजार रुपयांचं आठ महिन्यांचं व्याज एक हजार रुपये निघालं, तेव्हा बाजेवर आडवी झालेली माय उठून बसली.

"हजार? आठ महिन्याचं हजारच याज? मग मपल्या बापाचं रान कामून गेलं गं?"

नातीनं वही पुन्हा तपासली. मुद्दल ५०,०००, दर ३, मुदत ८ भागिले १२, खाली शंभर. आकडेमोड स्वच्छ होती. तिनं माझ्याकडं पाहिलं, मी मायकडं पाहिलं. छत्तीस वर्षं मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, लोकांचे हिशोब लिहिणाऱ्या लेकानं पोरीला हेच शिकवलं का, असं मायच्या तोंडावर स्पष्ट होतं.

चूक माझीच होती. उदाहरण मी तोंडी घातलं होतं: "पन्नास हजार, तीन टक्के, आठ महिने." अडत दुकानावर मुनिमी केलेल्या माणसाच्या कानाला तीन टक्के म्हणजे महिन्याला शेकडा तीन रुपये. सावकारीच्या पैशाचं व्याज आमच्याकडं वर्षाच्या बोलीनं कोणी बोलत नाही. महिन्याला दीड हजार, आठ महिन्यांचे बारा हजार. मायनं ते बोटांवरही मोजलं नसेल. नातीच्या पुस्तकातला दर मात्र वर्षाचा, आणि तो वर्षाचा आहे हे तिच्या इतकं अंगवळणी पडलेलं, की विचारायचं तिला सुचलंच नाही. 'टक्के' हा एकच शब्द, दोघांनी आपापल्या परीनं बरोबर ऐकला आणि उत्तरात बारा पटींचं अंतर पडलं. मायच्या वडलांचं रान त्याच बारा पटींत गेलं.

आमच्या वेळी पुस्तकात 'द.सा.द.शे.' असं छापलेलं असायचं. आम्ही ते एका दमात 'दसादशे' म्हणायचो. त्याचा दहाशी काहीतरी संबंध असणार, अशी माझी नववीपर्यंत ठाम समजूत होती. दर साल दर शेकडा. एवढं साधं होतं ते. कुठलं साल आणि कुठला शेकडा, हा सगळा करार त्या चार अक्षरांत होता. पण म्हणता म्हणता टिंबं गळाली आणि कराराचा मंत्र झाला. मंत्राचा अर्थ कोण विचारतो?

त्या रात्री मी ठरवलं की पोरीची गणितं घेण्याआधी तिचे शब्द घ्यायचे.

नात आठवीत आहे. मुलगा आणि सून चाकणला कंपनीत, पोरगी आमच्याजवळ, परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. यंदा तिची शिष्यवृत्तीची परीक्षा. पहिला पेपर दीड तासाचा, ७५ प्रश्न, १५० गुण. त्यातले २५ प्रश्न भाषेचे आणि ५० गणिताचे. भाषा आणि गणित एकाच पेपरात बसवायचं कोणाला सुचलं कोण जाणे, पण ज्याला सुचलं त्याला पोरं कुठं अडतात हे कळलेलं असावं. आमची पोरगी सेमीची, म्हणजे भाषा मराठीतून आणि गणित इंग्रजीतून. तिच्या वहीत डावीकडं गणिताचे शब्द, उजवीकडं मराठीचे. डावीकडं एलसीएम, रेशो, प्रिन्सिपल. उजवीकडं समानार्थी, विरुद्धार्थी, वाक्प्रचार. मधे शिवणीचा दोरा. ही दोन पानं एकमेकांशी कधी बोलली नव्हती.

तिला नावं ठेवण्यात अर्थ नाही. ही पोरं दुसरी आटोपून तिसरीत जाणार, तोच शाळांना कुलूप लागलं. तिसरी पूर्ण आणि चौथीचा बराचसा भाग एका मोबाइलवर गेला, आणि तो मोबाइलही दिवसा बापाच्या खिशात असायचा. भागाकार, अपूर्णांक, उताऱ्यावरचे प्रश्न, हे सगळं त्याच दोन वर्षांतलं. पायाच्या दोन विटा कमी असल्या तर वरची भिंत लगेच पडत नाही. आठवीत येऊन तडे दिसतात.

तिच्या त्याच दुसरीच्या वर्षी, २०१९ साली, बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकावरून महाराष्ट्रभर गदारोळ झाला होता. 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक', 'त्रेसष्ट'च्या जोडीला 'साठ तीन' असं वाचन पुस्तकात आलं होतं. समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की जोडाक्षरांनी आणि उलट्या क्रमानं लहान पोरं गोंधळतात. ऐकून कोण घेतंय! मोंढ्यात आम्हीसुद्धा चहा पीत खूप हसलो. 'एकोणऐंशी' म्हटलं की ऐंशीला एक कमी, ही वजाबाकी त्या नावातच आहे, ती 'सत्तर नऊ'मध्ये कुठाय, असा माझा मुद्दा होता. तो मुद्दा मला अजून खरा वाटतो. पण नात दुसरीत असताना ६९ आणि ७९ मध्ये अडकून रडली होती, हेही खरं आहे. हसताना मला ते आठवलं नव्हतं.

शब्द बदलणं आमच्या घराला नवं नाही म्हणा. माझे वडील, आम्ही त्यांना बापू म्हणायचो, निजामाच्या राज्यात शिकले. गावच्या पंतोजीकडं त्यांनी पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी, थेट औटकीपर्यंत पाठ केलं. मग तालुक्याच्या शाळेत वरच्या वर्गात गेले तर तिथं सगळं उर्दूतून. हैदराबादला १९१८ साली उर्दू माध्यमाचं उस्मानिया विद्यापीठ निघालेलं; वरच्या शिक्षणाची वाट त्याच भाषेतून जायची. बापूंच्या तोंडी मुद्दलाला 'असल' होतं आणि व्याजाला 'सूद'. गुणाकार 'जर्ब', भागाकार 'तकसीम', त्रिकोण 'मुसल्लस'. १७ सप्टेंबर १९४८ ला राज्य बदललं, शाळा मराठी झाल्या. बापूंची जीभ मात्र मनातल्या मनात हिशोब करताना शेवटपर्यंत उर्दूच राहिली. कापसाची पट्टी तपासताना पुटपुटायचे, "आठ जर्ब सात छप्पन..." जर्ब उर्दू, छप्पन दोन्हींकडचं, आणि हिशोब चोख.

नातीला मी हे सांगितलं तर ती औटकीपाशीच थांबली. "आऊटकी? म्हणजे क्रिकेटमधलं?" औट म्हणजे साडेतीन, आणि औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. संतांनी माणसाच्या देहाला औट हात म्हटलंय, कारण प्रत्येक माणूस आपल्या हातानं साडेतीन हात भरतो. तिनं लगेच दोरी घेऊन स्वतःला मोजलं. मग मायला मोजलं. माय तीन हातच भरली. पाठीला बाक आलाय. उर्दूत चौरसाला मुरब्बा म्हणतात हे कळल्यावर तर दोन दिवस घरात जेवताना "अर्धा चौरस वाढ" सुरू होतं.

बेरीज, वजा, बाकी, रक्कम, तफावत हे शब्दही मुळात फारसी-अरबीकडून आलेले. ते आपल्यात इतके मुरले की त्यांची जात आता कोणी विचारत नाही. एलसीएमचंही कधीतरी तसंच होईल. तेव्हा इंग्रजी शब्द आले म्हणून माझं रडगाणं नाही. पोरीला तो शब्द परक्यासारखा भेटतो, घरात पाहुण्यासारखं बाहेरच्या खोलीत बसून निघून जातो, हे मला टोचतं.

लसाविचंच घ्या. एलसीएम काढ म्हटलं की ती उभी रेघ मारून भराभर भाग देते, उत्तर बरोबर. मी विचारलं, "लघुतम म्हणजे?" म्हणाली, सगळ्यात लहान. "मग ४ आणि ६ चा लसावि १२ कसा? १२ तर दोघांपेक्षा मोठा." गप्प. "आणि मसावि महत्तम, म्हणजे सगळ्यात मोठा. तो २ कसा? तो तर दोघांपेक्षा लहान." आता तिला राग आला. रागावण्यासारखंच आहे ते! ज्याच्या नावात लहान तो मोठा, ज्याच्या नावात मोठा तो लहान. खरी मेख पुढच्या शब्दात आहे: एक विभाज्य, दुसरा विभाजक. शेवटच्या अक्षरावर सगळा न्याय, आणि पोरं पहिला शब्द वाचून पुढं पळतात.

मधला शब्द 'सामाईक'. आमच्या लहानपणी तिथं 'साधारण' होता. सामाईक केलं हे फार बरं झालं, कारण सामाईक म्हणजे काय हे आमच्याकडं शेंबडं पोर सांगतं. सामाईक विहीर, सामाईक बांध, सामाईक भांडण. म्हणून मी विहीर घेतली. थोरल्याची पाण्याची पाळी दर चार दिवसांनी, धाकट्याची दर सहा दिवसांनी. आज दोघंही विहिरीवर होते. परत कधी गाठ पडेल?

"बाराव्या दिवशी," नात म्हणाली.

"चोविसाव्या दिवशीही पडेल. मग बाराच का?"

"आधी भांडण बाराव्या दिवशीच होईल ना आबा."

लघुतम सामाईक विभाज्याची याहून चांगली व्याख्या मी तरी ऐकलेली नाही.

खरी गंमत उजव्या पानावर सुरू झाली. भाषेच्या सराव पेपरात होतं, 'पुढील उतारा वाचा.' मी सवयीनं विचारलं, कशाचा? तिला प्रश्नच कळेना. मोंढ्यात उतारा म्हणजे एकरी माल किती पडला: यंदा सोयाबीनला उतारा नाही, म्हणतात. तलाठ्याकडं सातबाराचा उतारा, कारखान्यावर साखरेचा उतारा. औषध बाधलं तर त्याच्यावर उतारा. आणि अमावास्येला तिठ्यावर लिंबू-भात ठेवतात तो उतारा ओलांडला, तर माय मला दारातच अंघोळ घालायची. नातीला फक्त पुस्तकातला माहीत होता. आता तिच्या वहीत उताऱ्याचं अख्खं पान झालंय, आणि खाली तिनंच लिहिलंय: 'सगळीकडे वरून काहीतरी खाली येतं.' मी तपासून पाहिलं. जवळपास सगळीकडं येतं खरं.

'रास'वर एक पूर्ण संध्याकाळ गेली. तिच्या पुस्तकात 'अमाउंट' आहे, आमच्यात 'रास' होतं: मुद्दल अधिक व्याज बरोबर रास. हे सूत्र मी हजार वेळा लिहिलं असेल, पण त्या शब्दाकडं कधी पाहिलंच नव्हतं. आमच्याकडं मळणीला रास म्हणतात. "तुरीची रास झाली का?" हा पौषातला रामराम आहे. जमिनीत घातलेलं बी हे मुद्दल, आणि खळ्यावर जो ढीग लागला त्यात घातलेलंही आलं आणि वर वाढलेलंही आलं. कोणत्या पंडितानं हा शब्द पुस्तकात आणला माहीत नाही. पण मला तरी त्यात खळंच दिसतं. नात म्हणाली, "पण बी एवढं पण निघालं नाही तर? मागच्या साली आपल्या मुगाचं झालं तसं?" तशी रास पुस्तकात नसते. पुस्तकातलं व्याज कायम अधिकच असतं. मग तिनं मला डाव्या पानावरचा तिचा शब्द दाखवला: मीन, म्हणजे सरासरी. "आबा, तुमच्या पुस्तकात रास, आमच्या पुस्तकात मीन. मिळून मीन रास." आणि तिची रास मीनच आहे! त्या दिवशी पुढं अभ्यास झाला नाही.

शब्दांची ही मजा खरी, पण पोरं जिथं हटकून पडतात ती जागा अवघड शब्दांची नाहीच. ती जागा शब्दाच्या शेपटीची आहे. ला, ने, तून, वर, पेक्षा. मला हे फार उशिरा कळलं.

"रामजवळ १८ बोरं आहेत. ती शामच्या बोरांपेक्षा ५ ने जास्त आहेत. शामजवळ किती?" नातीनं २३ सांगितलं. 'जास्त' दिसलं की बेरीज. हे तिला शिकवणीत पढवलं होतं: एकूण, जास्त, मिळून दिसलं की मिळवा, उरले, कमी दिसलं की वजा करा. या युक्तीवर माझा फार राग आहे. पाचवीपर्यंत ती गुण मिळवून देते आणि सहावीपासून गळा धरते. जास्त कोणाजवळ आहेत, हे 'पेक्षा' सांगतो. 'जास्त' सांगत नाही. शामजवळ १३.

भागाकाराचं तर विचारूच नका. "२० ला ४ ने भागा." "४ ने २० ला भागा." मराठीत दोन्ही एकच. कोण पुढं, कोण मागं याला काही किंमत नाही, ज्याला 'ने' लागला तो भाजक. इंग्रजीत शब्द जागचे हलले की अर्थ उलटतो, म्हणून सेमीची पोरं आधी आलेली संख्या वर आणि नंतरची खाली, असं डोळ्यांनीच लिहून मोकळी होतात. "४ ने २० ला भागा" म्हटलं की वहीत चार छेद वीस. ही गणिताची चूक आहे की तृतीया विभक्तीची? 'ने ए शी' आम्ही घोकायचो तेव्हा त्याचा भागाकाराशी काही संबंध आहे, असं एकाही गुरुजींनी सांगितलं नव्हतं. मोंढ्यात मात्र हे शेपूट रोज लाखाचे बारा हजार करतं. भाव २०० ने उतरला आणि भाव २०० वर उतरला, यांतल्या एका अक्षरावर माणसं झोपतात किंवा जागी राहतात.

यावरचा उपाय मायकडून आला. ती आमचं रोज ऐकत असते. नातीनं एक मोठं शाब्दिक उदाहरण धडाधड वाचलं आणि लगेच गुणाकार मांडायला घेतला, तर माय म्हणाली, "आकडं ऱ्हाऊ दे गं बाजूला. कोणाचं काय झालं ते सांग आधी."

नातीला सांगता येईना. तिनं आकडे वाचले होते, गोष्ट वाचलीच नव्हती.

मग मी म्हणालो, आकड्यांवर अंगठा ठेव. खरोखरच ठेव. आणि उरलेलं वाच. १५ मजूर एक काम ८ दिवसांत करतात, तर १० मजूर किती दिवसांत? आधी तिचं उत्तर पाच पूर्णांक एक तृतीयांश आलं होतं. आता अंगठ्याखाली १५ गेले, ८ गेले, १० गेले. काही माणसं काही दिवसांत एक काम करतात. माणसं कमी झाली. काम तेवढंच.

"मग दिवस वाढतील," ती म्हणाली, आणि अंगठा काढायच्या आधीच जीभ चावली. १२.

याला आमच्या पुस्तकात व्यस्त प्रमाण म्हणायचे. हा शब्द तिला सांगितला तर म्हणाली, "म्हणजे बिझी?" 'व्यस्त'चा हा दुसरा अर्थ हिंदीतून इतका घुसलाय की मूळचा 'उलटा' आता गणिताच्या पुस्तकापुरता उरला. मी दुरुस्ती केली, पण विचार केला तर तिचंही खोटं नाही: माणसं कमी असली की उरलेली व्यस्तच असतात.

मजुरांचं उदाहरण आमच्या गल्लीत फार दिवस पुस्तकी राहत नाही. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. टोळीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल त्या हिशोबानं मिळते. एकटा माणूस गेला तर अर्धा कोयता. नातीच्या वर्गातली एक मुलगी दरवर्षी दिवाळीनंतर वर्गातून नाहीशी होते आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत येते. तिला अर्धा आणि पाव शिकवायला पोळी कापावी लागत नसेल.

आता पोरीला अंगठ्याची सवयच लागलीय. माय मध्ये म्हणाली, "मपला अंगठा बँकीत चालतो, तुपला शाळेत चालाया लागला." माय पगाराला, म्हणजे सरकारी मदतीच्या पैशाला, बँकेत जाते तेव्हा निळ्या शाईत अंगठा बुडवते. कागदावर काय लिहिलंय हे ती दोनदा विचारून घेते, आणि मगच ठेवते. आम्ही शिकलेली माणसं न विचारता सही करतो.

वाचनासाठी मी पेपर लावला. धड्यातले उतारे गुळगुळीत असतात. पेपरात शब्द आणि आकडे एकमेकांच्या अंगावर पडलेले असतात. पावसाळ्यात आमच्या पेपरात पहिल्या पानावर जायकवाडी असतं. डावा कालवा आमच्या जिल्ह्यापर्यंत येतो, म्हणून ते आमच्या घरचंच वर्तमान. 'नाथसागर ५० टक्क्यांवर.' नाथसागर म्हणजे जायकवाडीचाच जलाशय. मी नातीला विचारलं, कशाचे ५० टक्के?

"पाण्याचे."

कोणत्या पाण्याचे? धरणाचा एकूण साठा २९०९ दलघमी. दलघमी म्हणजे दशलक्ष घनमीटर. हाही मंत्रच, फोडल्यावर कळतो. त्यातला ७३८ दलघमी मृतसाठा, कालव्याच्या दाराखालचा. उरलेला २१७१ हा उपयुक्त साठा, आणि पेपरातले टक्के त्याचे असतात. तेव्हा ५० टक्के म्हणजे १०८५ आणि वर थोडं. त्यात मृतसाठा मिळवला तर एकूण पाण्याच्या जवळपास ६३ टक्के होतात. एकाच दिवशी एकाच धरणात ५० आणि ६३ दोन्ही खरे. आणि 'जायकवाडी शून्य टक्के' अशी बातमी येते तेव्हा धरणात तो मृतसाठा, म्हणजे २६ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी असतं! नातीनं ते दोनदा वाचलं. "मग शून्य कामून म्हणतात?" कारण शंभर कशाला म्हणायचं हे आधी ठरलेलं असतं आणि शून्य त्याच्या मागून येतं. टक्के ऐकले की आधी 'कशाचे' विचारायचं. हा प्रश्न मी तीस वर्षांपूर्वी विचारायला लागलो असतो, तर माझ्या एका सोयाबीनच्या गाडीवर ओलाव्याची कपात दोनदा लागली नसती. ते असो.

त्याच ओघात तिला २०१६च्या एप्रिलमधली गोष्ट सांगितली: लातूरला प्यायला पाणी नव्हतं, आणि मिरजेहून रेल्वेनं आणलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर.

"वाघिणी?"

मालगाडीच्या डब्याला मराठीत वाघीण म्हणतात. इंग्रजी वॅगनचं कानाला गोड लागेल असं केलेलं बारसं. पण तिच्या डोळ्यांपुढं दहा वाघिणी तोंडात पाण्याचे हंडे धरून मिरजेहून निघालेल्या होत्या, आणि ते चित्र मोडायचं मला जिवावर आलं. गणित तरी करू म्हणालो. वाघीण म्हणजे आडवी वृत्तचिती. वृत्त म्हणजे वर्तुळ. ("मग वृत्तपत्र?" तिनं विचारलंच.) एका वाघिणीत सुमारे ५० हजार लिटर, म्हणजे ५० घनमीटर. २०११च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या पावणेचार लाखांच्या पुढं होती. माणशी किती? तिनं भाग दिला: सव्वा लिटरच्या आसपास. स्वयंपाकघरात जाऊन तिनं तांब्या मापला. मग कितीतरी वेळ तांब्या हातात धरून उभी होती. पुढं पन्नास-पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली हे मी सांगितलं, पण तिचं लक्ष नव्हतं.

परवा शेताच्या कामाला सातबारा काढून आणला. पोरीला वाचायला दिला. उताऱ्यांतला तेवढाच राहिला होता. आमचं रान दोन एकर, म्हणजे ऐंशी गुंठे. मायला हे नांगरटीपासून माहीत आहे. कागदावर मात्र हेक्टर आणि आर. नातीनं बोट ठेवून वाचलं, शून्य हेक्टर, आणि मग मायला कळावं म्हणून दुसरीतल्या पुस्तकासारखं फोडून सांगितलं, "ऐंशी एक आर."

"ऐंशी आपलं," माय म्हणाली. "वरचा एक कोणाचा?"

नात वही घेऊन तिच्या बाजेवर बसली. गुंठा म्हणजे तेहतीस फूट बाय तेहतीस फूट. आर म्हणजे दहा मीटर बाय दहा मीटर. दहा मीटर तेहतीस फुटांना जराशे कमी पडतात. "आर गुंठ्याहून बारका हाय थोरले आई. माप बारकं, म्हणून तेवढ्याच रानात जास्ती बसतात. रान तेवढंच."

मायनं कागद डोळ्यांजवळ नेला. वाचता येत नसलं तरी ती कागद जवळ नेऊन बघते.

"आसंल," ती म्हणाली. "पर शेजाऱ्याला सांगू नगंस. त्यो म्हनंल, मपलाच बांध कोरला."